साथ कोण जिवंत ठेवतं?

हर्बर्ट हेथकोट अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. ते साथींच्या गणिताकडे वळले. त्यातली एक गनोरियाची, म्हणजे परम्याची. शरीरसंबंधातून पसरणारा हा आजार बरा झाला तरी पुन्हा होतो.

१९८४ मध्ये हेथकोट आणि जेम्स यॉर्क यांचं यावर पुस्तक आलं. सरासरी माणूस धरून हिशेब जुळेना. जोडीदार वारंवार बदलणारा छोटा गटच साथ जिवंत ठेवतो, असं गणित सांगत होतं. म्हणून सरसकट तपासण्यांपेक्षा रुग्णाच्या जोडीदारांना शोधून उपचार करणं जास्त कामाचं.

मला वाटतं, खरी कसोटी इथेच आहे. त्या गटाला नावं ठेवली, की रुग्ण लाजून लपणार. मग जोडीदार सापडणार कसे?