ध्यान शिकवायचा अधिकार कुणाचा?

मंडळी, महेश योगींच्या 'अधिकारा'चा वाद पुन्हा निघालाय, म्हणून थोडा इतिहास. महेश योगी जातीने कायस्थ. अलाहाबादला भौतिकशास्त्र शिकले. मग ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांच्या सेवेत राहिले, १९५३ मध्ये गुरू जाईपर्यंत. पण त्या गादीवर ब्राह्मणच बसणार! शिष्याची साधना किती, हा प्रश्नच नाही. पुढे १९६८ ला बीटल्स ऋषिकेशला याच माणसापुढे बसले. ध्यान शिकवायची फी घेतली, यावर खुशाल भांडा, मीही भांडतो. जात कशाला काढता?

आपल्या विदर्भात तर तुकडोजी महाराज होऊन गेले. मठाची गादी नाही, शिक्षण जेमतेम प्राथमिक. तरी मोझरीहून सकाळचं सामुदायिक ध्यान अन् संध्याकाळची प्रार्थना गावोगाव पोचली, सगळ्या जाती एका सतरंजीवर बसवायच्या म्हणून. २००५ पासून आपल्या पोरांच्या डिग्रीवर त्यांचंच नाव आहे.

आता गोरेगावकरांनीच सांगावं: आपल्या गावच्या प्रार्थनेत पुढे बसून सांगणारा माणूस गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या मोहल्ल्यातला होता?