वंशावळ, घरचे कागद आणि स्थानिक इतिहासाची व्याख्याने : एक चिकित्सक विचार

१. प्रास्ताविक

इतिहासाच्या प्राध्यापकास महाविद्यालयाबाहेरून व्याख्यानाचे निमंत्रण येते ते बहुधा शिवजयंतीचे, नाहीतर एखाद्या समाजसुधारकाच्या पुण्यतिथीचे. अलीकडे त्यात एका निराळ्या विषयाची भर पडली आहे. ‘आपल्या गावाचा इतिहास’ अथवा ‘घराण्याची वंशावळ कशी शोधावी’ यावर बोलावे, अशी विनंती सार्वजनिक वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ आणि कुलसंमेलने भरविणारी मंडळी करू लागली आहेत. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या ठिकाणी अशी व्याख्याने दिली. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक असतात, शेतकरी असतात, मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेले नोकरदार असतात. व्याख्यान संपले की पिशव्यांतून घड्या पडलेले कागद बाहेर निघतात आणि खरी सभा तेव्हा सुरू होते.

आपल्या विभागांत या कामाला प्रतिष्ठा नाही. ‘हौशी’ हा शब्द आपण किंचित उपहासानेच उच्चारतो. वास्तविक मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाचा पाया विद्यापीठांनी घातलेला नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो घरोघरी हिंडून मिळविलेल्या पत्रांच्या आधारे. त्यांच्यापाशी कोणतेही अध्यापनपद नव्हते. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांतून वकील, शिक्षक, कारकून आपापली टिपणे वाचीत. ‘आमचा गाव’ म्हणून बदलापूरचा सांगोपांग वृत्तांत लिहिणारे ना. गो. चापेकर पेशाने न्यायखात्यातील होते. तेव्हा हौशी श्रोता हा आपला पूर्वजच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र या श्रोत्यास नेमके काय सांगावे, हा प्रश्न उरतोच. कागद कोठे मिळतील याची यादी देणे सोपे आहे व बहुतेक व्याख्याने तेवढ्यावरच संपतात. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, वंशावळ ही घराण्याची स्मृती नसून बहुधा कोणा एकाच्या हक्काचा पुरावा म्हणून तयार झालेला दस्तऐवज असते. ती कोणी, कोणासमोर आणि कशासाठी लिहिली, हे विचारल्यावाचून तिच्यातील एकही नाव इतिहासाच्या कामाचे नाही.

२. वंशावळीचा जन्म तंट्यात

पूर्वी सुखाने नांदणाऱ्या घरात वंशावळ लिहिण्याचे सहसा कारण पडत नसे. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण वा जोशीपण यांवर दोन भाऊबंद हक्क सांगू लागले, वडीलपण कोणाचे आणि शिरपाव आधी कोणी घ्यावा याचा तंटा पेटला, म्हणजे उभय पक्ष आपापला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्यास लेक किती, थोरला कोण, वतन कोणी चालविले, ही सारी हकीकत त्यात येई. गोतसभा बसे, साक्षी होत, प्रसंगी दिव्य करविले जाई आणि निकालाचा महजर अथवा निवाडपत्र होई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात अशा कागदांचा जो विस्तृत विचार केला आहे, तो पाहता या वंशावळी म्हणजे कोर्टातील कैफियतीच होत, हे ध्यानात येते.

याचा सरळ परिणाम वंशावळीच्या आकारावर होतो. ज्या शाखेने वतनावर दावा सांगितला नाही, ती शाखा ‘निपुत्रिक’ किंवा ‘परागंदा’ या एका शब्दात संपते, पुष्कळदा तीही उमटत नाही. धाकट्या भावाचा वंश दुसऱ्या गावी सुखाने वाढत असतो. कागदात मात्र तो जन्मलेलाच नसतो. आज त्या वंशातील गृहस्थ आपले नाव मूळ वंशावळीस जोडू पाहतात व जोडता आले नाही म्हणजे खट्टू होतात. वंशावळ अपुरी असते असे नाही, ती तिच्या कामापुरती पुरी असते, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

अव्वल इंग्रजीत या लेखनास दुसरी भरती आली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार दिले आणि इनामदारांना आपले हक्क सिद्ध करणे भाग पडले. मूळ इनाम कोणास, त्याचा वंश कोणता, मध्ये दत्तक झाला असल्यास त्यास सरकारची मंजुरी होती काय, अशा प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी घरोघरी वंशावळी तयार झाल्या. औरस वारसाअभावी, दत्तक अमान्य करून, सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले ते १८४८ साली. ती आठवण ताजी असताना लिहिलेल्या वंशावळीत दत्तकाची नोंद कशी केली गेली असेल, याचा विचार वाचकानेच करावा. आज अनेक घरांत ‘शिवकालीन’ म्हणून देव्हाऱ्यात पूजिली जाणारी वंशावळ कागद, शाई आणि वळण पाहता याच काळातील नक्कल निघते. हे सांगताना श्रोत्याचा चेहरा उतरतो. तरीही सांगावेच लागते.

याचा अर्थ घरच्या कागदांना मोल नाही असा नव्हे. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली हे सर्वपरिचित उदाहरण आहे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली व पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाल्याची नोंद तीत होती. तोवर १६२७ हे वर्ष रूढ होते. एका देशमुख घराण्याने जपलेल्या टिपणाने राष्ट्राच्या इतिहासातील एक तारीख हलविली. मात्र ते घडले ते इतर साधनांशी ताडून पाहिल्यावर, घराण्याच्या अभिमानाने नव्हे.

३. वाचनातील खाचखळगे

कागद हाती आला तरी तो वाचता येत नाही, ही पहिली अडचण मोडी लिपीची. ती सहा महिन्यांच्या अभ्यासाने पुष्कळशी दूर होते. दुसरी अडचण कालगणनेची असून ती अधिक फसवी आहे. एकाच दप्तरात शके, शुहूर सन, फसली आणि राज्याभिषेक शक आढळतात. शक वर्षात ७८ किंवा ७९ मिळविले की इसवी सन येतो हे पुष्कळांस ठाऊक असते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात हे नसते. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार, मिळून ११७३; अर्थात इसवी सन १७७२-७३. येथे ‘सबैन’च्या जागी ‘तिसैन’ वाचले की नारायणरावाच्या काळातील पूर्वज वीस वर्षे पुढे सरकून सवाई माधवरावाच्या दरबारी उभा राहतो.

नावांचा घोटाळा याहून नाजूक. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे ‘रामजी बिन हरजी’ आणि त्याचा नातू ‘रामजी बिन हरजी’ हे दोघे कागदात एकच भासतात. त्यामुळे दोन पिढ्या गळतात, किंवा उलट एकाच माणसाच्या दोन पिढ्या होतात. पिढीस पंचवीस ते तीस वर्षे धरून हिशेब करण्याची सवय श्रोत्यांना लावावी. चारशे वर्षांत तेरा ते सोळा पिढ्या यावयास हव्यात. सात आल्या तर पिढ्या गळाल्या आहेत, पंचवीस आल्या तर कोणीतरी भर घातली आहे. हा साधा हिशेब फळ्यावर मांडला की सभेत हशा पिकतो आणि मग शांतता पसरते, कारण प्रत्येक जण मनात आपल्या घराचे गणित करू लागतो.

आडनावांविषयी एकच सांगावेसे वाटते. ‘कर’ प्रत्ययाने गाव कळतो, जात कळतेच असे नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजातही केहीमकर, रोहेकर अशी गावावरून पडलेली आडनावे आहेत.

४. ज्यांची वंशावळ नाही

एका व्याख्यानानंतर मागल्या रांगेतील एका वृद्ध बाईंनी विचारले, “सर, हे समदं वतनदारांचं झालं. आमच्याकडं कागदच न्हाई, मग आमचं मूळ कुठनं काढायचं?” त्या क्षणी लेखकापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. पुढील सारा विचार त्या प्रश्नातून आला आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे उत्तर नेहमी दिले जाते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यांकडे यात्रेकरूंची गाव व घराणेवार नामावळ असते व ती खरोखर मोलाची आहे. परंतु ज्यांना यात्रा परवडत नव्हती, वा ज्यांना तीर्थाच्या पायरीपासून दूर ठेवले जात होते, त्यांची नोंद तेथे कोठून असणार? दक्षिण महाराष्ट्रात हेळवी सुगीनंतर दारी येऊन कुळी म्हणतात, धान्य घेतात आणि वहीत नवे नाव लिहून नेतात. ही परंपरा मौखिक व लिखित दोन्ही आहे. तिचे वाहक स्वतः भटके आहेत, हा विरोधाभास दृष्टीआड करण्याजोगा नाही.

तथापि कागद कोठेच नसतो, हे पूर्णांशाने खरे नाही. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, तसे बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी करीत. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. म्हणजे अक्षर नसलेला माणूसही कागदावर हजर असे, फक्त आपण निशाणीपाशी थांबत नाही. १८७४ च्या वतन कायद्यानंतर महार वतनदारांच्या वारसांच्या नोंदी सरकारदप्तरी होऊ लागल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये ज्या वतनाच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, त्याच वतनाची रजिस्टरे आज त्या घराण्यांच्या पूर्वजांची नावे सांगतात. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, कागद राहिले.

याहून कठीण स्थिती गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची. १८७१ च्या कायद्यान्वये त्यांच्या नोंदी झाल्या त्या पोलिसांच्या हातून. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या. एखाद्या तरुणास आजोबांचे नाव मिळते ते हजेरीच्या वहीत, संशयिताच्या रकान्यात. अशा कागदाला ‘घराण्याचा ठेवा’ म्हणावे काय? व्याख्यात्याने येथे आवाज खाली आणावा, हे बरे.

स्त्रियांविषयी आपण वंशावळीस नेहमी दोष देतो व तो योग्यच आहे. तरी विसाव्या शतकातील मुद्रित कुलवृत्तांतांनी पत्नीचे माहेरचे नाव व लेकींची सासरे नोंदविण्यास आरंभ केला, ही गोष्ट श्रेयाची आहे. जुन्या दप्तरात बाई दिसते ती विधवा म्हणून दत्तक घेताना किंवा अन्नवस्त्रासाठी अर्ज करताना. बाकी माहिती जिवंत माणसांकडून घ्यावी लागते, आणि आजीला प्रश्न विचारण्यास उशीर करू नये.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचे उदाहरण येथे आठवते. करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. कोकणात राहिलेल्या भूमिहीन भावाचा मात्र कागद नाही. जो बोटीवर चढला त्याचा आहे.

५. वंशावळीची आजची किंमत

वंशावळ आज पुन्हा दाव्याचा कागद झाली आहे. जात पडताळणीसाठी अर्जदारास शपथपत्रासह वंशावळ द्यावी लागते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून गाव नमुना १४, शाळेची दाखलखारीज रजिस्टरे आणि मोडी वाचक यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर मत देणे हा या निबंधाचा विषय नाही. मात्र ज्या कागदाकडे पन्नास वर्षे कोणी पाहिले नाही, त्यावर आता अनेकांचे भवितव्य अवलंबून आहे. अशा वेळी खाडाखोडीचा मोह वाढतो, आणि मोडी जाणणाऱ्या प्राध्यापकाकडे ‘एवढं एक अक्षर असं वाचा’ अशी गोड विनंतीही येते. हा अनुभव लेखकास एकदा आला आहे. नकार दिल्यावर ते गृहस्थ पुन्हा व्याख्यानास आले नाहीत.

या कारणाने लेखक अलीकडे व्याख्यानाचा क्रम उलट ठेवतो. आधी स्वतःपासून आजोबांपर्यंतच्या तीन पिढ्या, त्यात आजी, आत्या, मावश्या धरून, तोंडी माहितीवर लिहावयाच्या. मग शाळेचा दाखला, वारस नोंद, फेरफार. जुना कागद सर्वांत शेवटी. प्रत्येक नावापुढे ते कोठून मिळाले हे लिहावयाचे, आणि ‘ऐकीव’ असल्यास तसे म्हणावयाचे. पदवीच्या विद्यार्थ्यांना सोबत नेल्यास ते कागदांची छायाचित्रे घेतात व मूळ कागद घरीच राहतो. लोक विश्वासाने पिशवी उघडतात ते याच अटीवर.

मागल्या रांगेतील त्या बाईंच्या सासऱ्यांचे नाव पुढे एका विद्यार्थिनीस गाव नमुना १४ मध्ये सापडले. नोंद मृत्यूची होती. बापाच्या नावाचा रकाना कोरा होता. बाईंनी ते पान दोनदा वाचून घेतले आणि कोऱ्या जागी भरावयाचे नाव स्वतः सांगितले. आम्ही ते वहीत लिहून घेतले, पुढे ‘ऐकीव, सुनेकडून’ अशी नोंद केली आणि तारीख घातली.