ताप, धावपळ आणि कष्ट

‘आजचा दिवस फार हेक्टिक गेला,’ असे आपण सहज म्हणतो. पण हा इंग्रजी शब्द मूळचा रोग्याच्या खाटेजवळचा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सवयीचा, अंगात मुरलेला. म्हणून क्षयरोग्याला रोज येणाऱ्या तापाला ‘हेक्टिक फीव्हर’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्येही तो रक्तातला ताप म्हणूनच येतो. धावपळीचा अर्थ रुळला तो विसाव्या शतकात.

चिनी विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. त्याच्या भाषेत कामाच्या गडबडीचे विशेषण माणसालाही लागते. त्यामुळे तो ‘मी हेक्टिक आहे’ असे म्हणून जातो. इंग्रजीत मात्र हेक्टिक असतो तो दिवस किंवा आठवडा, माणूस नव्हे.

गंमत अशी, की त्याच्या स्वतःच्या लिपीत हीच गाठ उलट्या बाजूने बसली आहे. चिनीत कष्ट म्हणजे ‘लाओ’ आणि क्षयाचे जुने नावही ‘लाओ’च. कष्टाच्या अक्षराला आजाराचे चिन्ह जोडले की क्षयाचे अक्षर होते. लू शुन यांच्या ‘औषध’ या १९१९च्या कथेतला मुलगा याच रोगाने दगावतो. खुद्द लू शुन यांनाही क्षय होता. १९३६ साली शांघायमध्ये ते गेले.

क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. तरी हा जंतू उपाशी, खंगलेल्या देहात अधिक फोफावतो, हेही तितकेच खरे. इंग्रजी शब्द आपला रोगी विसरून गेला. चिनी अक्षरात तो कष्टकरी अजून दिसतो.