मॉटली, कॉन्स्टन्स बेकर
(१४ सप्टेंबर १९२१ – २८ सप्टेंबर २००५). अमेरिकन विधिज्ञ आणि संघीय न्यायाधीशपदी नेमलेली पहिली कृष्णवर्णीय महिला. जन्म न्यू हेवन (कनेक्टिकट) येथे, नेव्हिस बेटावरून आलेल्या कुटुंबात. कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी (१९४६). कृष्णवर्णीय विद्यार्थी जेम्स मेरेडिथ यांच्या मिसिसिपी विद्यापीठातील प्रवेशाचा खटला त्यांनी लढविला. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केलेल्या दहापैकी नऊ खटल्यांत त्यांना यश मिळाले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६६ मध्ये त्यांची न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयावर नियुक्ती केली. यँकी स्टेडियम या बेसबॉल मैदानातील खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत महिला पत्रकारांना मज्जाव होता. खेळाडूंची लाज राखायला टॉवेल, पडदे पुरेसे आहेत, असे म्हणत मॉटली यांनी १९७८ मध्ये तो मज्जाव बेकायदा ठरविला. १९८२ ते १९८६ त्या याच जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.