खोटं होतं, पण त्यानं काही फरक पडत होता का?

माझ्या टेबलाच्या खणात एक कात्रण आहे. चौदा वर्षांपूर्वीचं. बातमी माझीच, नावासकट छापलेली. मथळा असा : 'गृहकर्जाच्या नावाखाली बँकेला गंडा, टोळी गजाआड'. खाली चौघांचा फोटो. त्यातला डावीकडून दुसरा पोरगा म्हणजे घरांचं व्हॅल्युएशन करणाऱ्या ऑफिसातला टायपिस्ट. साहेब सांगतील ते आकडे टाईप करायचे, एवढंच त्याचं काम. नऊ वर्षांनी कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. ती बातमी सातव्या पानावर चार ओळींत आली, खाली पुण्यस्मरणाची जाहिरात.

हे कात्रण त्यानंच आणून दिलं. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तेव्हा एकदा मला विचारायचं होतं ना."

पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला शिकवलं होतं की 'आरोपी' लिहावं, 'गुन्हेगार' लिहू नये. 'टोळी' लिहिलं तर चालतं का, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मला एक नाद लागला. कर्जाच्या फसवणुकीच्या खटल्यात आरोपीचा बचाव नेमका उभा कसा राहतो, हे वाचायचा. वाचता वाचता अमेरिकेत पोचलो. तिथं या विषयावरची मोठी कोर्टबाजी झालीय आणि निकालपत्रं कुणालाही वाचायला मिळतात. आपल्या गावातली चार-दोन पोरंही तिकडे हप्त्यांवर घरं घेऊन बसलीत, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेत राज्याचे गुन्हे वेगळे आणि केंद्राचे, म्हणजे फेडरल, वेगळे. गृहकर्ज बऱ्याचदा फेडरल कक्षेत जातं. कारण कर्जाला केंद्राच्या संस्थेची हमी असते, बँकेतल्या ठेवींना केंद्राचा विमा असतो, नाहीतर कागदपत्रं टपालानं किंवा तारेनं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेली असतात. १९८० च्या दशकात तिथल्या बचत-कर्ज संस्था पत्त्यांसारख्या कोसळल्या, हजारावर बंद पडल्या. मग संसदेनं १९८९ आणि १९९० मध्ये कायदे कडक केले. बँकेची फसवणूक किंवा कर्जासाठी खोटं निवेदन यासाठी कमाल शिक्षा ३० वर्षं आणि दंड दहा लाख डॉलरपर्यंत गेला. खटला भरायची मुदत पाच वर्षांची दहा वर्षं झाली.

आता एवढी शिक्षा म्हटल्यावर प्रश्न येतो, की अर्जावरच्या कुठल्याही खोट्या ओळीला ती लागू करायची का?

या प्रश्नाचा इतिहास मोंटाना राज्यातल्या मायकल गॉडिन नावाच्या माणसापासून सांगतो. हा काही साधुपुरुष नव्हता. भाड्याची घरं घ्यायची, डागडुजी करायची, व्हॅल्युएशन फुगवून घ्यायचं आणि मित्राला नाहीतर नातेवाइकाला नावापुरतं विकायचं. त्या खरेदीदाराच्या नावावर सरकारी हमीचं कर्ज काढायचं आणि ठरल्याप्रमाणे घर पुन्हा स्वतःकडे घ्यायचं. आपल्याकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे हप्ते थकले, भुर्दंड सरकारला बसला, आणि कर्जाच्या कागदांवर खोटी निवेदनं केल्याचा खटला उभा राहिला.

कायद्यानुसार नुसतं खोटं पुरेसं नव्हतं. ते खोटं 'महत्त्वाचं' असावं लागायचं, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही या निर्णयावर परिणाम करण्याजोगं. सरकारी वकिलांनी तेही सिद्ध करायचं. पण खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की तो मुद्दा तुमच्यासमोर नाही, ही विधानं महत्त्वाची आहेत असं धरूनच चाला. ज्युरीनं दोषी ठरवलं.

ज्युरी म्हटलं की आपल्याला १९५९ चा मुंबईचा नानावटी खटला आठवतो. तिथं ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं आणि हायकोर्टानं ते फिरवलं. पुढे आपल्याकडची ज्युरी गेलीच. अमेरिकेत मात्र तो नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. गॉडिनच्या वकिलांनी हाच हक्क धरला. आमच्या अशिलानं खोटं लिहिलं की नाही हे बाजूला ठेवा, गुन्ह्याचा एक अख्खा भाग न्यायाधीशांनी परस्पर ठरवून टाकला, हे चालेल का? १९ जून १९९५ रोजी सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, चालणार नाही. गुन्ह्याच्या प्रत्येक घटकावर ज्युरीनंच निर्णय द्यायचा. निकाल लिहिला अँटोनिन स्कॅलिया यांनी, आणि ते काही आरोपींचे कैवारी म्हणून प्रसिद्ध नव्हते.

पण दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, वेल्स खटल्यात त्याच कोर्टानं बचाव पक्षाचा एक दरवाजा बंद केला. बँकेला प्रभावित करण्यासाठी केलेल्या खोट्या निवेदनाचं वेगळं कलम आहे. कोर्ट म्हणालं, त्या कलमात 'महत्त्वाचं' हा शब्दच नाही, तेव्हा सरकारनं ते सिद्ध करायची गरज नाही. जाणूनबुजून खोटं आणि हेतू बँकेवर प्रभाव टाकायचा, एवढं बास.

मग १९९९ चा नेडर खटला. फ्लोरिडातला वकील आणि जमिनीतला बिल्डर. १९८४ ते १९८६ दरम्यान कागदी कंपन्यांमार्फत १२ तुकडे घेतले, लगेच फुगवलेल्या भावात स्वतःच्याच भागीदारी संस्थांना विकले आणि फुगीर किमतीवर बँकांकडून कर्ज उचललं. इथं कोर्टानं सांगितलं की टपाल, तार आणि बँक फसवणुकीच्या कायद्यांत 'महत्त्वाचं' हा शब्द लिहिलेला नसला तरी तो धरलेलाच आहे. कारण 'फसवणूक' या शब्दाचा जुना अर्थच तसा आहे. पण त्याच निकालात असंही ठरलं की ज्युरीला हा घटक सांगायचा राहिला म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही. पुरावा इतका भक्कम असेल की त्या चुकीनं निकालात फरक पडला नसता, तर शिक्षा टिकू शकते.

म्हणजे बघा, हे सगळे नियम सज्जनांच्या खटल्यांत तयार झाले नाहीत. ज्यांचं नाव घेतल्यावर आपण "याला आतच टाका" म्हणू, अशांच्या खटल्यांत झाले. पण एकदा नियम झाला की तो टायपिस्टालाही लागू होतो.

ताजं उदाहरण शिकागोचं. पॅट्रिक डेली थॉम्पसन हे नगरसेवक, माजी महापौरांच्या घराण्यातले. त्यांनी एका बँकेकडून तीन वेळा मिळून सुमारे २ लाख १९ हजार डॉलर उचलले. बँक २०१७ मध्ये बुडाली. वसुलीसाठी विचारणा झाली तेव्हा ते म्हणाले, मी १ लाख १० हजार घेतले होते. पहिल्यांदा तेवढे घेतले होतेच, पुढच्या दोन उचली सांगितल्या नाहीत. खटला झाला, ज्युरीनं दोषी ठरवलं, नगरसेवकपद गेलं, चार महिने तुरुंगात काढले.

घरात पोरगा म्हणतो, "मी एक लाडू खाल्ला." खाल्लेले असतात चार. तो खोटं बोलला का? आईच्या कोर्टात नक्कीच. पण सुप्रीम कोर्टानं २१ मार्च २०२५ रोजी एकमतानं सांगितलं की त्या कलमात गुन्हा आहे तो 'खोट्या' निवेदनाचा. दिशाभूल करणारं पण खरं विधान त्यात बसत नाही. आता थॉम्पसन यांचं विधान संदर्भासकट खोटं ठरतं का, हे पाहायला प्रकरण परत खाली पाठवलं. आपल्याला राग येईल, येऊ दे. पण ३० वर्षांची शिक्षा असलेल्या कायद्यात शब्द ताणायचे की नाहीत, हा प्रश्न रागानं सुटत नाही.

आता सगळ्यात जुना आणि सगळ्यांना पटणारा बचाव : "बँकेला सगळं माहीत होतं."

२००८ च्या आधी अमेरिकेत उत्पन्नाचा पुरावा न मागता, अर्जदार सांगेल ते उत्पन्न धरून कर्जं वाटली गेली. तिथल्याच लोकांनी त्यांना 'लबाडांची कर्जं' असं नाव ठेवलं. बाजार कोसळल्यावर आरोपी म्हणू लागले, बँक आकडे बघतच नव्हती, मग माझ्या आकड्यानं काय फरक पडला? तर्क बिनतोड वाटतो. पण पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं २०१६ मध्ये लिंडसे खटल्यात सांगितलं की बँकेचा निष्काळजीपणा, अगदी जाणूनबुजून केलेला कानाडोळासुद्धा, कर्जदाराचा बचाव होत नाही. कर्ज देणाऱ्या संस्था सर्वसाधारणपणे कशाला महत्त्व देत होत्या, हे दाखवता येईल. 'या' बँकेनं काय केलं, ते नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या एका अपील कोर्टात कंट्रीवाइड या बड्या कर्ज कंपनीचं प्रकरण आलं. निकृष्ट कर्जं चांगली म्हणून सरकारी पाठबळाच्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांना विकल्याचा आरोप. हा खटला फौजदारी नव्हता, दिवाणी होता. ज्युरीनं कंपनीला जबाबदार धरलं, १२७ कोटी डॉलरचा दंड झाला. अपिलात तो सगळा गेला. कारण? करार करताना फसवायचा हेतू होता हे सिद्ध झालं नाही. नंतर करार जाणूनबुजून मोडला असेल, पण तेवढ्यानं ती फसवणूक होत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही निकालांना आपापलं कारण आहे. पण शेजारी शेजारी ठेवून वाचले की सामान्य माणसाला जे वाटतं, ते मलाही वाटलं.

शिवाय हे सगळे बचाव ज्युरीपर्यंत पोचतात किती? अमेरिकेच्या फेडरल फौजदारी खटल्यांत दहापैकी नऊ आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. प्रत्यक्ष खटला लढणारे शंभरात दोन-तीन. हरलो तर मोठी शिक्षा, लढायचं तर वकिलाचा खर्च. मग ज्याच्याकडे लढण्यासारखं काही आहे, तोही सही करतो.

लढून दाखवलं ते न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या अबॅकस या छोट्या बँकेनं. हा खटला फेडरल नव्हता, मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी राज्याच्या कोर्टात भरलेला. पण विषय तोच : गृहकर्जाच्या अर्जांत खोटं उत्पन्न आणि ती कर्जं फॅनी मेला विकणं. थॉमस संग या चिनी वंशाच्या वकिलानं १९८४ मध्ये ही बँक काढली होती. एका कर्ज अधिकाऱ्याची गडबड बँकेलाच सापडली, तिनंच त्याला काढलं आणि वर कळवलं. तरी २०१२ मध्ये बँक आणि १९ आजी-माजी कर्मचाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. कर्मचाऱ्यांना एकाच साखळीत बांधून कोर्टाच्या कॉरिडॉरमधून, कॅमेऱ्यांसमोरून नेलं. काहींनी गुन्हा कबूलही केला. बँक मात्र हटली नाही. तिचं म्हणणं, खालच्या माणसांनी चुका केल्या असतील, पण बँकेचा हेतू फसवायचा नव्हता, आणि आमची कर्जं बुडालेलीही नाहीत. ४ जून २०१५ रोजी ज्युरीनं बँकेला आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांना सगळ्या ८० आरोपांतून मुक्त केलं. लढाईचा खर्च सुमारे एक कोटी डॉलर. ज्यांनी देशाचा बाजार बुडवला त्या मोठ्या बँका दंड भरून सुटल्या होत्या. यावर 'अबॅकस : स्मॉल इनफ टू जेल' नावाचा माहितीपट आहे, जमलं तर बघा.

मला त्यातली साखळी विसरता येत नाही. निकाल लागला तरी तो फोटो आहेच. माझ्या खणातल्या कात्रणासारखा.

आता मी टेबलाच्या काचेखाली चार प्रश्न लिहून ठेवलेत. विधान खोटं होतं का? त्यानं निर्णयावर परिणाम होण्याजोगा होता का? याला ते माहीत होतं का, आणि हेतू फसवायचा होता का? आणि चौथा, हे कुणी ठरवलं, कोर्टानं की पोलिसांच्या प्रेसनोटनं? आपला कायदा वेगळा आहे, मान्य. पण बातमी लिहायला बसल्यावर हे प्रश्न उपयोगी पडतात. पहिल्या तिघांची उत्तरं बहुतेक वेळा माझ्याकडे नसतात. मग मी 'टोळी' लिहीत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या तालुक्यात माझ्या बातमीत ज्याचं नाव किंवा फोटो आरोपी म्हणून आला आणि नंतर कोर्टानं ज्याला निर्दोष सोडलं, त्यानं निकालाची प्रत घेऊन ऑफिसात यावं. तेवढ्याच जागेत, त्याच पानावर छापण्यासाठी मी संपादकांशी भांडेन. तिथं नाही जमलं, तर इथं या पेजवर नक्की लिहीन. त्या टायपिस्टाचं पुढच्या रविवारी लिहितोय. त्याला विचारून.