गंज आणि चिखल

अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत गेलेल्यांना तिथल्या दोन तोफा आठवत असतील. चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या या तोफांवर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं, ते मी तिथे पाहून शिकलो. आणि शिकलेलं सगळं एका छोट्या रणगाड्यावर उतरवलं. चुकलो तो तिथेच.

रणगाड्यांच्या प्रतिकृती करण्याचा मला नाद आहे. प्रमाण एकास पस्तीस. या आकड्यामागची हकिगत गमतीची आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टॅमिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने तिचा आकार ठरला. नंतर मोजलं तेव्हा तो मुळाच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भरला आणि पुढे तेच माप जगभर रूढ झालं. सुमारे पन्नास टनांचा सेंच्युरियन रणगाडा या मापात वीतभर होतो आणि पाच फूट आठ इंचांचा माणूस पाच सेंटिमीटरचा.

मी करत होतो तो सेंच्युरियन पूना हॉर्सचा. ही पलटण आपल्या इतिहासातली आहे. दुसऱ्या बाजीरावाशी १८१७ साली झालेल्या पुण्याच्या तहानुसार इंग्रजांनी जे घोडदळ उभं केलं, त्यातून ती निघाली. घोडे गेले, रणगाडे आले. पण रणगाड्यातला शिपाई आजही ‘सवार’ म्हणवतो आणि त्याच्या वर दफादार, रिसालदार असतात.

या एका पलटणीत दोन परमवीरचक्रं आहेत. १९६५च्या युद्धात फिलोराच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला आणि १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांचं शिक्षण पुण्याचं. पुढे १९७१मध्ये शकरगडच्या आघाडीवर, बसंतर नदीपलीकडे, १६ डिसेंबरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. ते पुण्यात जन्मलेले, वय एकवीस. त्यांच्या रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. तो पेटल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते लढत राहिले. तो रणगाडा आज अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जपलेला आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४मध्ये सुरू झालं.

तर मी ‘फामागुस्ता’ जोडला. सांधे पॉलिश पेपरने घासले, प्रायमर दिला, हिरवा रंग चढवला. मग कुलाब्याच्या तोफा आठवून भरपूर गंज काढला, कडेकडेने नारिंगी ओघळ सोडले. काम मोठं देखणं झालं होतं.

आमच्या आळीत रणगाडा दलातून निवृत्त झालेले एक दफादार काका राहतात. त्यांना मोठ्या हौसेने दाखवायला नेला. त्यांनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला आणि विचारलं, “हा समुद्रातून काढला काय हो?”

मी गप्प. मग ते समजावून सांगू लागले. चालता रणगाडा असा गंजत नाही. सवार त्याला रोज पुसतो, तेल देतो. त्याच्यावर चार जणांचा जीव असतो. गंज दिसलाच तर धुराच्या नळीवर, कारण तिथला रंग तापून जळतो. पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग घासून उलट चकाकतो. बाकी अंगावर असतो तो चिखल, धूळ आणि तेल. “गंज म्हणजे टाकून दिलेलं लोखंड,” काका म्हणाले. “यांनी टाकला होता काय?”

तो प्रश्न मला लागला. शोभेसाठी मी सोळा डिसेंबरच्या त्या सकाळवर आमच्या किनाऱ्यावरची दीडशे वर्षं थापली होती. जुनं म्हणजे गंजलेलं, असं आपण धरून चालतो. पण त्या दिवशी तो रणगाडा जुना नव्हता. आदल्या रात्री नदीपलीकडच्या सुरुंगांच्या पट्ट्यातून, वाट पुरती साफ होण्याआधीच, ही पलटण पुढे गेली होती.

सगळा रंग उतरवला. नवा हिरवा हात दिला. जवळजवळ कोरडा केलेला ब्रश फक्त कडांवरून फिरवला. चाकांमध्ये आणि पट्ट्यांमध्ये ओला चिखल भरला, पट्ट्यांच्या तळाला चंदेरी घासली, धुराच्या नळीवर तेवढा गंज ठेवला. शेवटचं मॅट वार्निश राहिलं. पावसाळ्यात आमच्याकडे ते मारलं की दमट हवेने पांढरट होतं, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलो. वरचं झाकण उघडं ठेवून त्यात पाच सेंटिमीटरचा एक अधिकारी उभा केला.

काकांनी पुन्हा उजेडात धरून पाहिला. “बाकीचे तिघं?”

“आत आहेत,” मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. “मग मागे एक बादली टांगा. चहाला पाणी नको त्यांना?”

बादली मी त्याच रात्री केली.