जीवदया : वाचविण्यापासून सांभाळण्यापर्यंत

अहिंसा हा जैन धर्माचा प्राण आहे, हे प्रत्येक श्रावकाच्या कानावर बालपणापासून पडत असते. परंतु अहिंसा म्हणजे केवळ कोणास न मारणे एवढेच नव्हे. जो मुका जीव आपल्या आश्रयास आला त्याला वेळेवर चारापाणी देणे, त्याचे दुखणेखुपणे पाहणे आणि तो निरुपयोगी झाला तरी त्याला न टाकणे, ही अहिंसेची दुसरी व अधिक कष्टाची बाजू आहे. पांजरपोळांचा इतिहास हा या दुसऱ्या बाजूचा इतिहास होय.

दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त आचार्य उमास्वाती यांनी श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जखडून ठेवणे, मारहाण करणे, अवयव कापणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे, असा त्यांचा अर्थ. येथे ‘वध’ म्हणजे प्राण घेणे नव्हे, तर काठी-चाबकाने मारणे. म्हणजेच ज्याने आयुष्यात एकही जीव मारला नाही, त्याच्याही व्रताला दोष लागू शकतो. बैलगाडीवर चार गोण्या जास्त चढविणारा व्यापारी आणि भाकड गाईचा चारा कमी करणारा गृहस्थ या दोघांनाही शास्त्राने जाब विचारला आहे.

इतिहासात प्रथम नजरेत भरते ती अमारी, म्हणजे जीवहत्याबंदीची घोषणा. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्र यांच्या उपदेशाने गुजरातच्या कुमारपाल राजाने ती केली. सोळाव्या शतकात आचार्य हीरविजयसूरी यांच्या प्रभावाने बादशहा अकबराने पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्येस मनाई करणारी फर्माने काढली. ही कार्ये थोरच. तथापि फर्मान हत्या थांबविते. लंगड्या बैलाला रोजची वैरण घालणे फर्मानाच्या हाती नसते. ते काम महाजनांनी उचलले. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२३ मध्ये खंभात येथे आजारी व जखमी पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले.

मुंबईच्या पांजरपोळाची कथा तर विशेष उद्बोधक आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. श्वानाला पवित्र मानणारा पारशी समाज खवळून उठला, जैन व हिंदू व्यापारीही त्यास मिळाले, बाजार बंद झाले आणि शहरात दंगा उसळला. दंगा शमला, परंतु या जीवांचे पुढे काय, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर म्हणून १८३४ मध्ये शेठ मोतीशा अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. एक जैन, एक पारशी. धर्म वेगळे, करुणा एक. व्यापाऱ्यांनी कापूस, साखर अशा मालावर स्वखुशीने लाग बसवून घेऊन या कार्यास कायम उत्पन्न लावून दिले. एका दिवसाच्या देणगीवर वर्षाची वैरण चालत नाही, हे त्या व्यवहारचतुर मंडळींनी ओळखले होते.

पुढे कायद्यानेही हीच वाट धरली. राज्यसभा सदस्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमात मारहाण, अतिभार, अवयवछेद, अवास्तव बांधून वा कोंडून ठेवणे आणि पुरेसे अन्नपाणी न देणे हे अपराध ठरविले आहेत. आचार्यांनी सांगितलेले पाचही अतिचार तेथे भेटतात! १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य झाले, तर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूक-तहान, भीती व वेदना यांपासून प्राण्यांची मुक्तता ही तत्त्वे कायद्याशी जोडून दाखविली.

यातून समाजाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कत्तलखान्याच्या वाटेवरून जनावर सोडविणे हे पुण्यकार्य खरेच. परंतु जबाबदारी त्या क्षणी संपत नाही, सुरू होते. जागा अपुरी असताना शेकडो जनावरे कोंडली, चारा सरला, पशुवैद्य आला नाही, तर जीव वाचविणाऱ्याच्याच हातून बंध आणि अन्नपाननिरोध घडतो. पर्युषणातील चढावे उत्साहाने बोलले जातात. दुष्काळाच्या चैत्र-वैशाखात मात्र कडब्याचे भाव चढतात आणि जीवदया खाते रिते होते. मुक्या जीवाला तिथी कळत नाही. त्याला रोज भूक लागते.

म्हणून सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी प्रत्येक दुकानाच्या व प्रत्येक घराच्या हिशेबात जीवदयेचे एक खाते कायमचे उघडले जावे, आणि दर महिन्याला त्यात थोडी का होईना भर पडावी. मोतीशा शेठांच्या पिढीने बसविलेल्या लागाचे हेच आजचे रूप ठरेल. किती जीव सोडविले यासोबत सोडविलेले जीव कसे जगले, याचाही हिशेब ठेवणारा समाजच अहिंसेचा खरा वारसदार म्हणविला जाईल.

जय जिनेंद्र!